कोपरा आमचाच जाणार

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं ताई! बोल ना. … जोरात बोल गं, इथे नुसता गोंधळ चाललाय. … नाही, नाही, कोणी पडलंबिडलं नाही. सगळे धडधाकट आहेत. … अगं, दोनदा फोन उचलला नाही म्हणून लगेच काय मेले का मी? कापडाच्या ढिगाखाली होता फोन. खोली रिकामी करतेय ना.

हो. रिकामी. … कोणी सांगितलं तुला? … इस्त्रीवाल्याने? वाटलंच! त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी माझं कापायचं टेबल त्याच्याकडे ठेवायला नेलं, तर टेबल आत जायच्या आधी बातमी तुझ्या हॉस्पिटलात.

खरं आहे. … हो, खरं आहे म्हटलं ना. आपल्या घराचा कोपरा पाडणार आहोत. माझ्या शिवणाच्या खोलीचा. आज. आत्ता म्हण ना, तुझ्या सहीचाच काय तो खोळंबा आहे. गवंडीदादा दारात बसलेत, तिसरा चहा चाललाय त्यांचा. घण भिंतीला टेकवून ठेवलाय. छपराच्या पत्र्याला कालच टेकू दिलेत.

संमतीचा कागद मिळालाय ना तुला? … मग? पंधरा दिवस तो तुझ्या कपाटात काय अंडी उबवतोय?

ओरडू नकोस. … ताई, ओरडू नकोस, वॉर्डात आहेस तू. पेशंट उठून बसतील. … बाहेर आलीस? बरं. आता ओरड.

… हं. … हं. … झालं? … नाही, अजून आहे? बरं, चालू दे.

… मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय. बरं. मग घेतेय. पाय माझा, धोंडाही माझा. … समोरच्याचं पाडा? अगं, समोर काय आहे विसरलीस का? पाण्याची टाकी आहे समोर! अख्खी वस्ती त्या टाकीचं पाणी पिते. ती पाडू? … मग? आहेत कोपरे दोनच, एक टाकीचा आणि एक आपला. तूच सांग आता.

काय वाजतंय? … अगं, डबा. बटणांचा डबा. मांडीवर घेऊन बसलेय. बाकी सगळं हलवलं, मशीन ओट्यावर, टेबल इस्त्रीवाल्याकडे, कापडं मास्तरीणबाईंच्या पलंगावर. हा कोणाकडे द्यावासा वाटेना. … हो, आईचाच. तोच, पत्र्याचा, झाकणावर घोड्याचं चित्र असलेला. घोड्याचे पाय गेले आता खरवडून, तोंड तेवढं राहिलंय.

ऐक ना. तुला इस्त्रीवाल्याने अर्धंच सांगितलंय. मी सांगते सगळं, मधे बोलायचं नाही. … हे बघ, बोललीस!

सरकार काढतंय त्या चाळीस फुटी रस्त्याचं माहितीये ना? … तोच. त्यात तेवीस घरं जातायत. पिठाची गिरणी जातेय, न्हाव्याचं दुकान जातंय, आणि आपलं घर तर अख्खं. कोपरा नाही ताई, अख्खं. तुझी मागची खोली धरून. कारण काय, तर म्हणे तुमच्या वस्तीत अँब्युलन्स शिरत नाही. आणि हा रस्ता निघतो कुठे? पलीकडच्या नव्या टॉवरच्या गेटात! आता अँब्युलन्स काय तिथे राहायला जाणार आहे? … हां. कळलं ना? आम्हालाही कळलं.

मग आम्ही म्हटलं, आमच्या वस्तीचा आराखडा आम्हीच करतो. … नाही गं, बंडबिंड काही नाही, तसा नियमच आहे. मास्तरीणबाईंनी तो नियम वाचून काढला. शाळेतल्या गं, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधतात त्या. अठ्ठेचाळीस पानं वाचली बाईंनी आणि समासात तांबड्या पेनाने चुका काढल्या सरकारच्या. वस्तीने स्वतःचा आराखडा दिला आणि तो टिकला, तर त्यांना तो धरूनच काम करावं लागतं. सहा महिने बसलो आम्ही दर रविवारी शाळेत. नळ कुठे हवेत, दिवे कुठे हवेत, म्हाताऱ्यांना टेकायला बाक कुठे. दोन भांडणं झाली, एक तर हातघाईवर आलं होतं, बाकावरनं. पण ठरलं सगळं. राहिलं काय? गल्ल्यांचं माप. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टेप माझ्याच गळ्यात असते ना कायम.

… हो गं, तेच. तेच सांगतेय. माझीच चूक झाली. हसायचं असेल तर हसून घे.

अगं, मी बत्तीस वर्षं माप घेतेय. छाती चौतीस भरली की हात आपोआप छत्तीस लिहितो. माणसाला श्वास घ्यायला जागा नको? तसंच झालं. गल्ली साडेआठ फूट भरली की मी वहीत नऊ लिहायची. साडेनऊ भरली की दहा. एकदाही मनात आलं नाही! सतरा गल्ल्या, ताई. सतराच्या सतरा मी सैल शिवल्या.

… हस, हस. साहेबपण असाच हसला. रस्तेखात्याचा तो साहेब. स्वतःची टेप काढून गिरणीपाशी लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, हा रस्ता आहे, वाढत्या अंगाचा फ्रॉक नव्हे." त्याच्यामागे ते फायली धरून उभे असलेले दोघं, तेपण फिदीफिदी हसले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आपल्या लोकांचे सहा महिने मी पाण्यात घातले. गिरणीवाला माझ्याकडे बघेना. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

… गप्प बसले? मी? तू ओळखतेस का मला? … उभी राहिले. म्हटलं, साहेब, चुकले. माप माझं चुकलं, माणसं नाही चुकली. तीस दिवस द्या, पुढच्या वेळी वही आणणार नाही, गाडीच आणून दाखवते. तो म्हणाला, दाखवा की. वस्तीच्या तोंडापासून शाळेपर्यंत अँब्युलन्स कुठेही न घासता गेली, तर तुमचा आराखडा मान्य. मग मास्तरीणबाई उठल्या आणि त्याच्यापुढे कागद सरकवला. म्हणाल्या, हेच लिहून द्या, शुद्धलेखन मी बघते. … दिलं! हसताहसता दिलं लिहून. सही, शिक्का, तारीख, वेळ पाचची.

आज तिसावा दिवस आहे, ताई. पाच वाजता तो खरी अँब्युलन्स घेऊन येतोय.

… आता? अडीच वाजलेत.

थांब हं जरा. … अहो दादा, किती वेळ लागेल म्हणालात? … दीड तास? आणि राडारोडा उचलून? … दोन. बरं. … ऐकलंस ना? दोन तास. म्हणजे तुझ्याकडे अर्धा तास आहे माझ्यावर ओरडायला.

… अगं नाही, नुसतं डोळ्याने बघून नाही ठरवलं कोपरा जाणार म्हणून. आता आम्ही शहाणे झालोय. सुतारमामांनी सांगाडा केला. लाकडी पट्ट्यांचा, खऱ्या अँब्युलन्सएवढा. लांबी, रुंदी, उंची, सगळं तस्संच. आरसेसुद्धा! दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, त्यावर न्हाव्याने आपले दोन जुने आरसे लावले. चार कोपऱ्यांना चार माणसं, आणि पुढे आपले ड्रायव्हरकाका. … तेच, बस चालवायचे ते. रिटायर झाले, पण हात अजून स्टिअरिंगवरच आहेत. त्यांनी पहिल्या वळणालाच सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, तुम्ही माणसांसारखे वळताय, गाडी अशी वळत नाही. मागची चाकं बाजूला पाऊल टाकत नाहीत! मग मागच्या दोघांचे पाय मी सुताने बांधले. … खरंच बांधले! फक्त सरळ चालायचं, पुढचे वळतील तसं फरफटत यायचं. इस्त्रीवाला मागचं डावं चाक होता. दोनदा तोंडावर आपटला, म्हणून राग आहे त्याचा माझ्यावर.

तीन दिवस फिरवला सांगाडा. जिथे अडकेल तिथे ज्याचं असेल त्याने मागे घ्यायचं, असं ठरलं होतं. आधीच ठरलं होतं ताई, कोणाचं काय जाणार हे माहीत नसताना. सगळ्यांनी हात वर केले. मीपण केला. उलट मीच आधी केला.

मग गिरणीवाल्याची पायरी गेली. स्वतः फोडली त्याने. न्हाव्याची पाटी गेली. मास्तरीणबाईंचं फाटक बाहेर उघडायचं, ते आत उघडायला लागलं. इस्त्रीवाल्याचा ठेला गेला, म्हणजे आता चाकांवर आलाय. रडला थोडा, पण आला. बारा वळणं पार झाली. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि तेरावं, शेवटचं वळण आपलं.

अडकला. … नाही, थोडासा नाही. पुढचा आरसा टाकीला आणि मागचं अंग आपल्या भिंतीला. पाचर मारल्यासारखा. ड्रायव्हरकाकांनी तीनदा मागेपुढे करून बघितलं. मग तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे ते थांबले. गिरणीवाला खाली बघत होता. सगळ्यांना माहितीये ना, या खोलीवर माझं पोट आहे.

… तेच म्हणते मी! कोणी मागितलं नाही. मीच म्हटलं. खिशातला खडू काढला आणि आपल्या भिंतीवर रेघ मारली. सव्वादोन फूट. या वेळी तिघांनी मोजलं. मग तोच कोपरा शाळेच्या मैदानात खडूने आखून बघितला, आणि सांगाडा वळला. चार बोटं राखून वळला.

… हो, माहितीये मला सव्वादोन फूट म्हणजे काय. तू कशाला सांगतेस? खिडकी जाते. खिडकीखालची मशीनची जागा जाते. टेबल आत येतच नाही. उरेल ती मोरीएवढी खोली. माहितीये. मी शिवणारी बाई आहे ताई, कापडाला कात्री लावायच्या आधी उरणार किती ते मला कळतं.

… कोण? कोण विसरेल? … विसरू देत. उद्या कोणी नावही काढणार नाही म्हणतेस ना, नको काढू देत. मला काय तिथे पाटी लावून घ्यायचीये?

… फ्लॅट! आलीसच का त्या फ्लॅटवर? सातवा मजला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि घराच्या बदल्यात तोही नुसता देऊ म्हणतात, दिला नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं वय आहे का माझं? पँटची लांबी कमी करायला सातव्या मजल्यावर कोण चढेल? इथे शाळा सुटली की मुली गणवेशाचं बटण हातात घेऊन उभ्या असतात. दातात दोरा धरून दोन मिनिटांत लावून देते, पळतात. तिथे कोण येणार आहे? लिफ्ट? … नाही. दगडापेक्षा वीट मऊ. अख्खं घर जाण्यापेक्षा कोपरा गेलेला बरा.

… काय म्हणालीस? … परत बोल.

… "तुला काय पडलंय एवढं अँब्युलन्सचं." हे तू म्हणतेस? तू? ताई, तुला अख्खं हॉस्पिटल सिस्टर म्हणतं. मागच्या महिन्यात फोन करून रडत कोण होतं? तो रिक्षातून आणलेला म्हातारा, दहा मिनिटं आधी आला असता तर, असं कोण म्हणत होतं? मी म्हणत होते का? आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा अशीच येतात गं तुझ्यासारखीच्या दारात. खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून, वस्तीच्या तोंडापर्यंत. आईला कसं नेलं होतं? … हो, बोलणार. आज बोलणार. जेवायच्या खुर्चीवर बसवून नेलं, पुढे बाबा, मागे मी. आणि या कोपऱ्याला खुर्ची आपटली. आईच म्हणाली, अगं सावकाश, भिंतीला लागेल. भिंतीला! … वाचली ती तेव्हा, माहितीये मला. पुढची चार वर्षं जगली. पण सगळेच वाचत नाहीत. साहेबाचा रस्ता खोटा असेल, पण त्याने सांगितलेलं कारण खरंच आहे, आणि ते आपणच दुरुस्त करायचं. त्याच्या हातात द्यायचं नाही. एवढंच आहे माझं.

… हॅलो? … आहेस ना? … हं, बोल.

… नाही. … नाही, तुला गृहीत धरलं नाही. कागद पाठवला ना? … बरं, सहीपुरतं विचारलं. मान्य. मग आणखी काय विचारायचं होतं?

… मशीन? मशीन ओट्यावर ठेवीन. ताडपत्री टाकीन वरून. … पावसात? पावसात ताडपत्री काय विरघळते? … बघेन मी. बघेन म्हटलं ना! … ताई, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तीनशे मैलांवर बसून सोपं असतं, हे का नाही केलंस आणि ते का नाही विचारलंस.

… विचारायला काय झालं होतं? काय झालं होतं म्हणतेस? ऐकायचंय? अकरा वर्षं झाली ताई! बाबा गेले, घर दोघींचं झालं. पुढची खोली माझी, मागची तुझी. मी म्हटलं, मागच्या खोलीत माझं एक टेबल ठेवते. तर तू काय म्हणालीस? "माझं माहेर आहे ते, तुझं दुकान नाही." म्हणालीस की नाही? … म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावून गाडीत बसलीस. माझ्या तोंडावर कुलूप! मी अकरा वर्षं त्या कुलुपाला तेल घालतेय, गंजू नये म्हणून. उंबरा झाडतेय. गिऱ्हाइकं विचारतात, आत काय आहे हो, मी सांगते, ताईचं माहेर आहे. मी पुढच्या खोलीत राहते, ते कोणाचं माहेर आहे ते विचारायला कोणी नाही. आणि आता मला विचारतेस, खोली का मागितली नाहीस? तोंड होतं का मला?

… थांब. … थांब, थांब. काय? … किल्ली? कुठे ठेवलीय?

… बटणांच्या?

… ताई, थट्टा करू नकोस. मी रोज हा डबा उघडते.

… तळाला? तळाला आईची ती कोटाची बटणं आहेत, ती कोणाला लागतात आता? मी वरवरची घेते. … बरं, बघते. बघते म्हटलं ना. फोन धर. … नाही, ठेवत नाही, खांद्यात धरलाय. … अहो दादा, तेवढं ते वर्तमानपत्र सरकवा इकडे. हो, जमिनीवर. ओततेय मी. … बाई गं, केवढी ही बटणं! अगं, हे तुझ्या शाळेच्या स्वेटरचं, तांबडं, एक फुटलेलं. … हो हो, शोधतेय. … हे बाबांच्या कोटाचं…

…

सापडली.

… निळ्या दोऱ्यात. हो. गाठ मारून. … तूच बांधलीस? … गाठसुद्धा धड येत नाही तुला.

… कधी ठेवलीस? … जायच्या दिवशीच? कुलूप लावून आत आलीस तेव्हा? मी पाणी आणायला गेले होते तेव्हा?

… आठ दिवसांत सापडेल वाटलं. माझ्या हाताखालचा डबा म्हणून. … मग सांगायचं नाही? एवढे फोन केलेस, आज काय शिजवलं, सर्दी गेली का, आणि हे सांगायचं नाही? … काय? … तुला वाटलं, मला सापडली आणि मीच हट्टाने उघडत नाही? अकरा वर्षं तुला वाटत होतं की मी… अगं देवा! … आणि मला वाटत होतं की तू…

… हो, रडतेय. मग? रडू नको? माझं घर आहे, मी रडेन. गवंडीदादासुद्धा बघतायत, बघू देत.

बाबांवर गेलोय गं आपण दोघी. एक अडेल, दुसरी त्याहून अडेल. आई असती तर दोघींना एकेक लगावली असती.

… उघडू? आत्ता? … नको, तू आल्यावर. … नाही, तुझी पेटी आहे ना आत, तुझी पुस्तकं… … बरं. … बरं, पेटी पलंगाखाली सरकवते, पुस्तकं कपाटावर. मशीन मागच्या खिडकीपाशी. … हो, उजेड येतो तिथे, सकाळचा चांगला येतो. … टेबल बसेल? पलंग भिंतीला लावला तर बसेल. मापून बघते. … गप गं! या वेळी बरोबर मापीन.

आणि ताई, तुझं माहेर कुठे जात नाही. पलंग तुझा तिथेच राहील. आता फक्त सकाळी मशीनचा आवाज ऐकून उठावं लागेल. … चालेल? … चालेल म्हणाली!

… हं, ते बोल. सहीचं बोल. … कपाटात नाही? पर्समध्ये? … पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेयस? … कर मग. आत्ता. खाली काय घेशील, भिंतीवर धरून कर. … फोटो नीट काढ, हात हलवू नकोस. दोघींची नावं दिसली पाहिजेत. कागद उद्या टपालात टाक. … पाठवलास? … अजून नाही आला. … नाही. … थांब, वाजलं काहीतरी.

आला.

… सही छान आहे गं तुझी. डॉक्टरांसारखी नाहीये, वाचता येते.

… काय गोंधळ? थांब, बघते. इस्त्रीवाला पळत येतोय, याला कशाची घाई… काय हो? … कोण आलंय? … आत्ता? तीन नाही वाजले अजून! … ताई, साहेब आलाय. दोन तास आधी. अँब्युलन्स नाही, नुसती जीप. तोंडाशी उभी केली आणि चालत येऊन कोपऱ्याचे फोटो काढतोय. म्हणजे सांगायला बरं, की गेलो तेव्हा भिंत उभी होती. … घाबरतेस कशाला? मी आहे ना इथे. … तू ऐक फक्त.

या साहेब, या! लवकर आलात. … हो, भिंत उभीच आहे, काढा फोटो. इकडूनपण काढा, इकडून रेघ दिसते. … पाचला म्हणालात ना? लेखी आहे. मास्तरीणबाईंकडे आहे कागद, फ्रेम करून लावलाय. … नाही, तीनला गाडी जात नाही. तीनला माझी भिंत आहे इथे. पाचला परत काढा याच जागेवरून, मग दोन्ही फोटो शेजारी लावा. … मालकांची संमती? ही बघा. हे माझं नाव, ही माझ्या ताईची सही. आत्ताच आलीय, शाई वाळायचीय अजून. … अहो इस्त्रीवाले, साहेबांना खुर्ची द्या. उन्हात नको, टाकीच्या सावलीत. दोन तास बसायचंय त्यांना.

… ऐकलंस? … बसला! खुर्चीवर बसला खरंच. ड्रायव्हरकाका त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलेत, आता त्याला मागच्या चाकांचं समजावणार. भोगा म्हणावं.

… नाही गं, बरी आहे मी. … आवडत नाहीये मला, खोटं कशाला बोलू? बाबांनी स्वतः रचलीय ही भिंत, मी विटा देत होते. खिडकीशी बसून बत्तीस वर्षं गल्ली बघितली. वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण मला कोणी ढकललेलं नाही ना ताई, मीच रेघ मारलीय. त्याचं बरं वाटतंय.

… हं. रविवारी ये. … रजा टाक. दे काहीतरी कारण, माहेरी जायचंय म्हण. … आणि तोंडाशी उतरून चालत येऊ नकोस, रिक्षा आत घेऊन ये. दारापर्यंत. येईल.

थांब, गवंडीदादा विचारतायत. … काय दादा? … रेघेवर घालू का घाव?

… नाही. रेघेच्या दोन इंच आत घ्या. … हो, सव्वादोनच्या वर आणखी दोन इंच. माझ्या बाजूला. … सांगते तसं करा. थोडं सैल असू दे.

… काय हसतेस? … हस, हस. पण या वेळी वहीत नाही सोडलं, भिंतीत सोडलंय.

चल. पहिला घाव मी घालणार आहे. … नाही, दादा नाही, मी. … जड आहे, म्हणून तर. … अगं, आता ठेव ना फोन! घणाला दोन्ही हात लागतात.